परदेशात राहून ऐक्यात राहणे

बायबल-अभ्यास : प्रेषितांची कृत्ये 18:1-4 व 18-28, रोमकरांस पत्र 16:1-16
(लेख वाचण्यापूर्वी हे दोन्ही उतारे घरातल्या कोणीतरी मोठ्याने वाचावेत व इतरांनी ऐकावेत.)



दरवर्षी 18 ते 25 जानेवारी या आठवड्यात जगभरातील ख्रिस्ती लोक ऐक्यासाठी प्रार्थना करतात. 1908 साली सुरू झालेल्या या प्रथेची सांगता संत पौलाच्या परिवर्तनाच्या सणाला होते. आपणही त्या दिवसांत मिस्सेमध्ये एक विनंती वाढवतो, तिला प्रतिसाद देतो आणि घरी जातो. खरे सांगायचे तर हा विषय आपल्याला फारसा टोचत नाही. आपल्या आळीत शेजारी कॅथलिक, समोरचा कॅथलिक. दुसऱ्या पंथाचा ख्रिस्ती माणूस आपल्याला क्वचितच भेटतो. ऐक्याचा प्रश्न युरोपातल्या लोकांचा आणि पंडितांचा, असे आपण धरून चालतो.

यंदा मात्र हा प्रश्न रविवारची पहिली मिस्सा आटोपल्यावर साक्रिस्तीच्या दारात येऊन उभा राहिला. आपल्या धर्मग्रामातील एका मातेने आम्हाला थांबवले. (तिच्या परवानगीने, पण नाव न घेता आम्ही हे लिहीत आहोत.) ती म्हणाली, "फादर, पोरगा तिकडे गल्फला दर गुरुवारी रात्री दुसऱ्या लोकांच्या प्रार्थनेला बसतो. आपल्या चर्चला महिना-महिना जात नाही. रात्रभर झोप लागत नाही मला. हे पाप आहे ना?"

आम्ही तिला लगेच उत्तर दिले नाही. "मावशी, बुधवारी संध्याकाळी या, आपण त्याच्याशीच बोलू," असे सांगितले. बुधवारी ती आली आणि तिच्याच मोबाईलवरून आम्ही त्या मुलाशी बोललो. तो शहरापासून दूर, कंपनीच्या कॅम्पात राहतो. चर्चला जाऊन येण्यात चार तास मोडतात. कंपनीची गाडी महिन्यातून एकदा सोडते आणि टॅक्सीचे भाडे त्याला परवडत नाही. कॅम्पात सहा-सात ख्रिस्ती आहेत : केरळचा एक मार्थोमा फोरमन, दोन तेलुगू पेन्टेकोस्टल, फिलिपिन्सचे दोन कॅथलिक आणि इजिप्तचा एक कॉप्टिक सुतार. गुरुवारी रात्री जेवण झाल्यावर ते एका खोलीत बसतात, बायबल वाचतात, ज्याला जे येते ते गातात.

मग तो थोडा थांबला आणि म्हणाला, "फादर, बाबा गेले तेव्हा मला रजा मिळाली नाही. तुम्ही इथे मिस्सा म्हणत होता ती मी मोबाईलवर बघत होतो. मध्येच नेट गेलं. ही माणसं रात्रभर माझ्या खाटेजवळ बसली होती. सकाळी सगळे तसेच कामावर गेले. आता सांगा, त्यांच्याबरोबर बसतो ते चुकतोय का मी?"

आई शेजारी बसली होती. तिला हे ठाऊक नव्हते. आम्हालाही नव्हते. त्या अंत्यविधीला वेदीवर आम्हीच होतो.

आईचा प्रश्न खरा आहे आणि मुलाचाही प्रश्न खरा आहे. त्यांचे उत्तर शोधताना आम्हाला जे उमगले ते या अभ्यासात आपल्यापुढे ठेवत आहोत.

1. तंबू शिवणारे एक जोडपे

नव्या करारात परदेशी राहून श्रद्धा जपणारे एक जोडपे आहे. नवऱ्याचे नाव अक्विल्ला, बायकोचे प्रिस्किल्ला. अक्विल्ला मूळचा पंत प्रांतातला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या उत्तरेकडील काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरचा. तो रोममध्ये राहत होता. इ.स. 49च्या सुमारास क्लौद्य बादशहाने ज्यू लोकांना रोम सोडून जाण्याचा हुकूम काढला आणि या दोघांना बिऱ्हाड उचलून ग्रीसमधील करिंथ शहरी यावे लागले. व्हिसा रद्द झाला की आज आपल्या मुलांना जसे गाव सोडावे लागते, तसेच हे.

त्याच करिंथमध्ये संत पौल आला. तो अथेन्सहून एकटाच आला होता; सीला आणि तीमथ्य मागाहून आले. त्या दिवसांत आपण दुर्बळ आणि भ्यालेले होतो, असे त्याने पुढे स्वतःच करिंथकरांना लिहिले (1 करिंथ 2:3). एवढा मोठा प्रेषित, पण परक्या शहरात पहिल्या रात्री त्यालाही डोके टेकायला जागा हवी होती. ती या जोडप्याने दिली. कारण काय? लूक अगदी साधे कारण देतो : त्यांचा धंदा एकच होता. तिघेही तंबू बनवणारे. एकाच छपराखाली राहिले, एकत्र काम केले आणि त्यातून करिंथची ख्रिस्तसभा उभी राहिली.

पुढे ही दोघे पौलाबरोबर इफिसला गेली. तिथे त्यांच्या घरी श्रद्धावंत जमू लागले (1 करिंथ 16:19). काही वर्षांनी ती पुन्हा रोमला परतली, तर तिथेही त्यांचे घर हीच उपासनेची जागा झाली (रोम 16:5). अक्विल्लाच्या आयुष्यात किमान चार मुक्काम झाले आणि त्यांपैकी तीन शहरांत या दोघांचे दार देवाच्या लोकांसाठी उघडे राहिले. त्यांना कोणी धर्मगुरू करून पाठवले नव्हते. ते कामगार होते.

इफिसमध्ये त्यांना अपुल्लोस भेटला. हा आलेक्सांद्रियाचा विद्वान, बोलण्यात पटाईत, पण त्याचे ख्रिस्ती ज्ञान अपुरे होते. त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. या दोघांनी काय केले? सभेत उठून त्याची चूक काढली नाही. 'हा आपल्यातला नाही' असेही म्हटले नाही. त्याला जवळ घेतले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. मग तो अखया प्रांतात निघाला, तेव्हा तिथल्या बंधूंनी याचे स्वागत करावे म्हणून इफिसच्या बंधूंनी पत्र लिहून दिले (प्रे. कृत्ये 18:27). या पत्राकडे आपण पुढे पुन्हा येणार आहोत.

2. करिंथची भांडणे

इतक्या चांगल्या पायावर उभ्या राहिलेल्या करिंथच्या मंडळीत थोड्याच वर्षांत फूट पडली. करिंथ हे दोन बंदरांचे शहर होते. देशोदेशीचे व्यापारी, खलाशी, गुलाम आणि कारागीर तिथे वस्तीला. मंडळीत कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी म्हणे मी अपुल्लोसाचा, कोणी म्हणे मी केफाचा. पौलाने त्यांना एकच प्रश्न विचारला : ख्रिस्ताचे तुकडे झाले आहेत काय? (1 करिंथ 1:10-13). लक्षात घ्या, ज्या अपुल्लोसाला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांनी प्रेमाने शिकवले, त्याच्याच नावाने लोकांनी एक गट काढला. पौल आणि अपुल्लोस यांचे भांडण नव्हते. भांडण त्यांच्या नावाने झाले.

एवढ्यावर थांबले नाही. प्रभूभोजनाला जमल्यावरही एकजण भुकेला राही आणि दुसरा पिऊन तर्र होई (1 करिंथ 11:17-22). ज्या मेजावर सर्वांनी एक व्हायचे, तिथेच कोण आपला आणि कोण परका हे उघड दिसू लागले.

परदेशात असे का होते? कारण परक्या जागी माणूस आपल्या माणसांना घट्ट धरतो. आपली भाषा कानावर पडली, आपल्या पद्धतीचे कालवण मिळाले की जीव थाऱ्यावर येतो. यात पाप नाही, ही गरज आहे. पण हळूहळू त्या गरजेची भिंत होते. आपल्या वसईच्या लोकांचेच पाहा. परदेशी गेल्यावर वसईचा माणूस भेटला की आनंद होतो. पुढचा प्रश्न येतो, 'कुठल्या गावचा?' त्यापुढचा, 'सामवेदी की वाडवळ, कोळी की ईस्ट इंडियन?' आणि कधी कधी तर इथला बांधाचा वाद विमानाने तिकडे पोचतो. शेजारच्या शेतांवरून कोर्टात गेलेल्या दोन घरांतील मुले एकाच खोलीत राहून एकमेकांशी बोलत नाहीत, असेही आम्ही ऐकले आहे. दुसऱ्या पंथाच्या लोकांशी ऐक्य साधण्याच्या गोष्टी करण्यापूर्वी इथूनच सुरुवात करायला हवी.

3. ऐक्य म्हणजे एकसारखेपणा नव्हे

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना 'एक आणि अनेक' हा प्राचीन ग्रीकांचा प्रश्न आमच्या वाट्याला आला. अनेक गोष्टी मिळून 'एक' कशा होतात? तेव्हा तो प्रश्न परीक्षेपुरता वाटला. धर्मग्रामात आल्यावर कळले की तो रोजचाच आहे.

ॲरिस्टॉटलने ढीग आणि एकसंध वस्तू यांतला फरक दाखवून दिला. दगडांचा ढीग एका जागी असतो, पण तो एक नसतो. वरचा दगड उचलला तर खालच्याला काही होत नाही. वीटभट्टीतल्या विटा एकसारख्या असतात, तरी एकसारख्या असल्याने त्या एक होत नाहीत. शरीर मात्र एक असते. त्यात डोळा हाताएवढा नाही, हात पायासारखा नाही, तरी पायात काटा रुतला की डोळ्यांत पाणी येते. पौलाने करिंथकरांना नेमका हाच दाखला दिला (1 करिंथ 12).

तेव्हा ऐक्य मोजण्याचे माप कोणते? सगळे एकाच चालीवर गातात का, हे ते माप नव्हे. एकाला दुखले तर दुसऱ्याला कळते का, हे माप आहे. या मापाने पाहिले तर त्या कॅम्पातल्या खोलीत, बाप गेलेल्या मुलाच्या खाटेजवळ जे बसले होते, त्यांच्यात ऐक्य होते. ते पूर्ण नव्हते. पण खोटेही नव्हते.

4. ख्रिस्तसभा काय सांगते?

'पूर्ण नव्हते, पण खोटेही नव्हते' हे आमच्या मनचे नाही. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने 21 नोव्हेंबर 1964 रोजी ख्रिस्ती ऐक्यावरील आदेश प्रसिद्ध केला. ख्रिस्तावर श्रद्धा ठेवून ज्यांना यथायोग्य स्नानसंस्कार मिळाला आहे, ते कॅथलिक नसले तरी आपल्याशी खऱ्या, पण अपूर्ण नात्याने जोडलेले आहेत आणि त्यांना प्रभूमधील भाऊ-बहीण म्हणणे योग्य आहे, अशी ती शिकवण आहे. तिच्या आधारे मावशीच्या प्रश्नाची आपण फोड करू.

पहिले, एकत्र प्रार्थना. अन्य पंथाच्या बंधूंबरोबर बायबल वाचणे, प्रार्थना करणे, गीते गाणे यात पाप नाही. ऐक्यासाठी अशी प्रार्थना इष्टच आहे, असे परिषद म्हणते.

दुसरे, ख्रिस्तशरीर. इथे मात्र थांबावे लागते. एकत्र प्रार्थना करणे वेगळे आणि एका मेजावरून ख्रिस्तशरीर घेणे वेगळे. ते घेणे हे पूर्ण ऐक्याचे चिन्ह आहे आणि पूर्ण ऐक्य अजून झालेले नाही. प्रोटेस्टंट व पेन्टेकोस्टल मंडळींच्या प्रभूभोजनात कॅथलिक माणसाने भाग घेऊ नये. ऑर्थोडॉक्स मंडळींत संस्कार वैध आहेत. म्हणून कॅथलिक धर्मगुरूकडे पोचणे खरोखरच अशक्य असेल, गरज खरी असेल आणि श्रद्धेत गोंधळ होण्याचा धोका नसेल, तर त्यांच्या धर्मगुरूकडून प्रायश्चित्त, ख्रिस्तशरीर व रुग्णाभ्यंग हे संस्कार घेण्याची मुभा ख्रिस्तसभेच्या कायद्यात आहे (कलम 844). अर्थात त्यांचेही नियम असतात आणि त्यांचा मान राखला पाहिजे. ही मुभा अडचणीसाठी आहे, सोयीसाठी नाही.

तिसरे, पुन्हा बाप्तिस्मा. 'तुझा लहानपणीचा बाप्तिस्मा खरा नाही, पुन्हा घे,' असे कोणी म्हटले तर नम्रपणे पण स्पष्ट नकार द्यावा. स्नानसंस्कार एकदाच होतो. देवाने एकदा दिलेला हात तो काढून घेत नाही. असा आग्रह वारंवार होऊ लागला, आपल्या संतांची, पवित्र मरियेची, संस्कारांची टवाळी होऊ लागली, तर ती ऐक्याची प्रार्थना राहिली नाही असे समजावे आणि तिथून उठावे.

चौथे, रविवारची मिस्सा. ती आपले कर्तव्य आहे. पण धर्मगुरू नसल्याने वा अन्य गंभीर कारणाने मिस्सेला जाणे शक्यच नसेल, तर प्रभुशब्दाची उपासना जिथे होते तिथे भाग घ्यावा, अथवा एकट्याने, कुटुंबात किंवा काही कुटुंबांनी मिळून प्रार्थनेत वेळ घालवावा, असे कायदा आवर्जून सुचवतो (कलम 1248). 'शक्य नाही' आणि 'कंटाळा आला' यांतला फरक ज्याचा त्याने प्रामाणिकपणे ठरवायचा आहे. ज्या दिवशी कंपनीची गाडी सुटते, त्या दिवशी त्या गाडीत बसायलाच हवे.

5. आखातातील ख्रिस्तसभा

आपली अनेक मुले-मुली आखाती देशांत आहेत, म्हणून तिथली स्थिती घरच्यांना ठाऊक असावी. अरबस्तानात कॅथलिक ख्रिस्तसभेचे दोन विभाग आहेत. उत्तर विभागात कुवेत, बहारीन, कतार आणि सौदी अरेबिया. दक्षिण विभागात संयुक्त अरब अमिराती, ओमान आणि येमेन. तिथले जवळजवळ सर्व भाविक परदेशी आहेत. भारतीय, फिलिपिनो, लेबनीज असे सगळे एकाच देवळात, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या भाषांत मिस्सा करतात. सिरो-मलबारसारखे पूर्वेकडील रीतींचे कॅथलिकही त्यांतच. सुट्टी शुक्रवारची असते तिथे शुक्रवारी सर्वाधिक गर्दी लोटते. अमिरातीत 2022पासून शनिवार-रविवार सुट्टी झाली आहे. सौदी अरेबियात मात्र एकही चर्च नाही.

कतारमध्ये दोहा शहराबाहेर एकाच आवारात निरनिराळ्या पंथांची चर्चेस आहेत. कॅथलिकांचे जपमाळेच्या राणीचे चर्च 2008 साली तिथे झाले. आपल्याकडे ज्यांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना, ते तिथे एकाच फाटकातून आत जातात.

फेब्रुवारी 2019मध्ये दिवंगत पोप फ्रान्सिस अबुधाबीला गेले. अरबस्तानात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. त्यांच्या मिस्सेला लाखाहून अधिक लोक जमले, त्यांत बहुतेक आपल्यासारख्या घरांतून पोटासाठी गेलेले. नोव्हेंबर 2022मध्ये ते बहारीनला गेले, तेव्हा अवाली येथील अरबस्तानच्या मातेच्या कॅथेड्रलमध्ये त्यांनी विविध पंथांच्या ख्रिस्ती लोकांसमवेत शांतीसाठी प्रार्थना केली. जे पोप महोदयांनी कॅथेड्रलमध्ये केले, तेच आपला मुलगा कॅम्पातल्या खोलीत करत असेल, तर आपण घाबरून का जावे?

6. एकाच रांगेतले क्रूस

परदेशातील ऐक्य शेवटी कुठवर जाते, हे दोन उदाहरणांत पाहू.

पहिले आपल्या घरचे आहे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हे परदेशी गेलेलेच होते. वडील पोर्तुगीज, आई इथली. तरुणपणी ते जपानला येशूसंघीयांबरोबर धर्मशिक्षक म्हणून राबले, मग मकावला व्यापारात पडले, मग मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि 1593 साली दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. त्या काळी जपानमध्ये येशूसंघीय आणि फ्रान्सिस्कन यांचे पटत नव्हते. तिथे कोणी काम करावे आणि कसे करावे यावर मोठा वाद होता. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर 26 जणांना क्रुसावर चढवण्यात आले : 6 फ्रान्सिस्कन, 3 येशूसंघीय आणि 17 जपानी प्रापंचिक. मारणाऱ्यांनी कोणाला विचारले नाही की तू कोणत्या संघाचा. सव्वीस क्रूस एकाच रांगेत उभे राहिले. 1862 साली सर्वांना एकत्रच संतपद मिळाले.

दुसरे आपल्या काळातले. फेब्रुवारी 2015मध्ये लिबियात समुद्रकिनाऱ्यावर 21 ख्रिस्ती कामगारांची हत्या झाली. त्यांपैकी 20 इजिप्तचे कॉप्टिक ऑर्थोडॉक्स, घर चालवण्यासाठी मजुरीला गेलेले. एकविसावा आफ्रिकेतील घाना देशाचा. तो कॉप्टिक नव्हता, पण त्यांच्याबरोबर राहिला आणि त्यांच्याबरोबरच मेला. मे 2023मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या एकवीस जणांची नावे कॅथलिक ख्रिस्तसभेच्या हुतात्म्यांच्या यादीत घेतली. कॅथलिक नसलेल्यांना आपण आज हुतात्मे म्हणून मान देतो. आमच्या मनात येते, मरणानंतर ज्यांना आपण भाऊ म्हणतो, त्यांना जिवंतपणी भाऊ म्हणायला इतके जड का जावे?

7. धीर दोन्ही बाजूंनी

आता आपल्याकडे, इथे राहिलेल्यांकडे वळू. परदेशी गेलेल्यांना आपण धीर द्यायचा, असे आपल्याला वाटते. संत पौल वेगळे म्हणतो. रोमला जाण्याआधी तो तिथल्या लोकांना लिहितो की माझ्या श्रद्धेने तुम्हाला आणि तुमच्या श्रद्धेने मला धीर मिळावा (रोम 1:12). धीर हा पैशांसारखा एकीकडून दुसरीकडे पाठवायचा नसतो. तो दोघांमध्ये तयार होतो.

फिलिप्पैकरांच्या पत्रात एपफ्रदीत नावाचा माणूस आहे. बंदिवासातल्या पौलासाठी मदत घेऊन घरच्या मंडळीने त्याला परमुलखात पाठवले होते. तिथे तो मरणाच्या दारी पोचेल इतका आजारी पडला. पौल लिहितो की तो फार कष्टी झाला. कशाने? आपण आजारी असल्याचे घरच्यांना कळले म्हणून! (फिलिप्पै 2:25-30). दोन हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस किती ओळखीचा वाटतो. आपली मुलेही ताप अंगावर काढतात आणि फोनवर म्हणतात, 'मी मजेत आहे, आई.' आपणही त्यांना म्हणतो, 'इकडे सगळं ठीक आहे.' दोन्हीकडून खोटे बोलून आपण एकमेकांना जपतो आणि एकटे पडतो.

इथे आम्हाला आमची चूक कबूल करायला हवी. हा मुलगा जाण्यापूर्वी शिफारसपत्र न्यायला ऑफिसात आला होता. आम्ही सही केली, शिक्का मारला, 'देव बरे करो' म्हटले. पाच मिनिटेही लागली नसतील. कुठे चाललास, तिथे चर्च किती लांब आहे, कोण ओळखीचे आहे, हे आम्ही विचारले नाही. इफिसच्या बंधूंनी अपुल्लोसाला पत्र दिले ते कोणीतरी त्याला दारात उतरवून घ्यावे म्हणून. आमचे पत्र फाईलमध्ये गेले.

म्हणून पुढील गोष्टी आपण सर्वांनी मिळून कराव्यात असे सुचवतो.

जाणाऱ्यांसाठी : परदेशी जाण्याआधी कुटुंबासह मिस्सेला या, वेदीपुढे आशीर्वाद घेऊन जा. तिथल्या जवळच्या कॅथलिक चर्चचा पत्ता आपण ऑफिसात मिळून शोधू. तिथे आधीच असलेल्या आपल्या माणसाला कळवू, मग तो कोणत्याही आळीचा असो.

तिथे असलेल्यांसाठी : अक्विल्लाप्रमाणे खोलीचे दार उघडे ठेवा. नवीन आलेल्याला पहिल्या आठवड्यात जेवायला बोलवा. गाडी असेल तर मिस्सेला जाताना एक जागा रिकामी ठेवू नका.

इथे असलेल्यांसाठी : फोनवर पैशांबद्दल विचारण्याआधी एकदा विचारा, 'प्रार्थना कोणाबरोबर करतोस?' रागाने नाही, आवडीने. आणि इथे परप्रांतातून आलेला ख्रिस्ती मजूर, नर्स किंवा भाडेकरू आपल्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर दिसला, तर त्याला नाव विचारा. आपल्या मुलाला तिकडे कोणीतरी असेच विचारावे, अशी आपली इच्छा असते ना?

त्या मावशीला आम्ही वरील उत्तर दिले. मुलालाही सांगितले : गुरुवारी बस, मोकळ्या मनाने बस, गाडी सुटेल तेव्हा मिस्सेला जा, कुमसार कर, ख्रिस्तशरीर घे, आणि त्या दोन फिलिपिनो भावांनाही बरोबर ने. मावशी काही वेळ गप्प होती. मग तिने फोन हातात घेतला आणि मुलाला म्हणाली, "त्या रात्री तुझ्याजवळ बसले होते त्यांची नावं सांग मला. एकेक करून सांग, मी लिहून घेते. आजपासून रोझरीत घेईन."

तिला ती नावे उच्चारताही येत नव्हती. फादरांच्या टेबलावरच्या कागदावर तिने ती जमतील तशी लिहिली. रोमकरांच्या पत्राचा सोळावा अध्याय आम्ही अनेकदा वाचला आहे; त्यात पौल एकामागून एक नावे घेऊन सलाम सांगतो आणि वाचताना आम्हाला तो भाग नेहमी कंटाळवाणा वाटे. त्या संध्याकाळी तसा वाटला नाही.

घरी चर्चेसाठी

1. आपल्या नात्यातील कोण परदेशी आहे? तिथे त्याला कोणी अक्विल्ला-प्रिस्किल्ला भेटले आहेत का? त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत का?
2. आपण कोणता वाद मनात धरून आहोत, जो आपल्या मुलांबरोबर परदेशीही गेला आहे?
3. अन्य पंथाच्या ख्रिस्ती माणसाकडून आपल्याला कधी धीर मिळाला आहे का?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तूही लहानपणी आईबापांसह परक्या देशात राहिलास. घरापासून दूर असलेल्या आमच्या माणसांना एकटे पडू देऊ नकोस. त्यांच्याजवळ बसणाऱ्या प्रत्येकाला आशीर्वाद दे, मग तो कोणत्याही भाषेचा वा पंथाचा असो. आम्हा सर्वांना एका मेजावर बसण्याचा दिवस लवकर दाखव, आणि तोवर एकमेकांच्या उशाशी बसण्याची कृपा दे. आमेन.